माईचो आंबो

माई पहाटे गेली, आणि अंगणात ऊन यायच्या आत दाजीने कुऱ्हाड मागितली.

त्यात वावगं काही नव्हतं. घरातलं माणूस गेलं की घरच्याच जमिनीतला आंबा तोडायचा आणि त्याच्या ओल्या लाकडाचं सरण रचायचं, ही मेस्त्र्यांच्या घराची रीत. माईचे सासरे आबा गेले तेव्हा पाणंदीकडचा तोडला, त्यांची आई गेली तेव्हा काजूच्या बागेतला. माईचा तर ठरलेलाच होता. लग्न होऊन इन्सुलीत आली तेव्हा माहेरच्या आंब्याची कोय तिने पदराला बांधून आणली होती. विहिरीमागे स्वतःच्या हाताने लावली, कळशीने पाणी घालून वाढवली, आणि झाड छपरावर गेल्यावर एकदा सगळ्यांदेखत हसत हसत सांगून टाकलं होतं, "ह्या झाडाक कोणी हात लावूचो नाय हां. ह्यां माझ्याबरोबर येतलां." तिच्या नवऱ्याने, भाईंनी, तेव्हा मान डोलावली होती. भाईंनी मान डोलावली म्हणजे विषय संपला, असं हे घर चाळीस-पन्नास वर्षं समजत आलं होतं.

दाजी म्हणजे भाईंचा धाकटा भाऊ. देवबागला पर्यटकांना खोल्या देतो. वहिनीचं काही खरं नाही असा फोन गेल्यावर आदल्या संध्याकाळी धावत आला होता. त्याआधी दिवाळीनंतर त्याचं पाऊल या घरात पडलेलं नव्हतं. भावकीतले दोघे बरोबर घेऊन तो विहिरीमागे गेला आणि थबकला. समोर झावळांचा ढीग होता आणि वर नुसतं आभाळ. त्याने पायाने एक झावळ सरकवली. खाली बुंधा होता, गुडघ्याएवढा, वरून काळा पडलेला.

"हय आंबो होतो ना रे?" त्याने विचारलं.

भावकीतले दोघे जमिनीकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. गावात काही लपत नाही, पण तोंडावर कोणी बोलतही नाही.

दाजी तसाच परत आला. अंगणात भाईंचा मुलगा सर्वेश तिरडीसाठी बांबू तासत होता.

"सर्वेश! आवशीचो आंबो खंय?"

सर्वेशचा कोयता थांबला. "तोडललो."

"कोणी तोडल्यान?"

सर्वेशने बांबू फिरवून दुसरी बाजू वर घेतली. दाजीचा आवाज चढला. "तू नायतर कोण? तुका प्लायवुडाचां दुकान व्हयां होतां ना! आवशीचां झाड खाल्लंस मेल्या, आणि वर तिचीच ताटी बांधतंस? लाज कशी वाटणा नाय रे तुका?"

सर्वेशने खाली मान घालून पुन्हा बांबूला कोयता लावला. चाळिशीचा बाप्या, पण कान लाल झाले होते त्याचे.

पडवीच्या पायरीवर भाई बसले होते. पहाटेपासून तिथेच होते. चहा दिला तर घेतला नाही, कोणी भेटायला आलं तर मान हलवली, एवढंच. ते तिथूनच म्हणाले, "तेका बोलू नको, दाजी. मी तोडलंय."

दाजीच्या हातातली कुऱ्हाड आपोआप खाली आली. त्याने भावाकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे, जिथे बायका वहिनीला हिरवी साडी नेसवत होत्या. त्याला रडायला आलं. "तू?" तो म्हणाला. "भाई, तू?"

*

मेस्त्र्यांचं फर्निचर एवढं स्वस्त कसं, हा प्रश्न बांद्यापासून कुडाळपर्यंत लोक एकमेकांना विचारतात. महामार्गावर काचांची दुकानं झाली, हप्त्यांवर कपाटं मिळायला लागली, तरी मुलीचं लग्न ठरलं की गरीब माणूस अजून भाईंच्याच सुतारशाळेची वाट धरतो. सर्वेशला हा प्रश्न कोणी विचारला की त्याचं डोकं फिरतं. कारण उत्तर त्याला ठाऊक आहे. उत्तर तो स्वतः आहे, त्याची बायको आहे, त्याची आई होती.

वखारीतलं लाकूड भाईंनी आयुष्यात घेतलं नाही. कोणाच्या घराच्या आड येणारा आंबा, कोणाचा वीज पडलेला फणस, असं उभं झाड घ्यायचं, आपणच तोडायचं, आपणच ओढून आणायचं. फळ्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवायच्या. उरल्या तुकड्यांचे पाट करायचे, भुसा न्हाणीच्या चुलीत जाळायचा. पगार कोणालाच नाही. सर्वेश अजून पेट्रोलला बापाकडे हात पसरतो. त्याची बायको विनीता घरचं आवरून दुपारी पॉलिश पेपर घासायला बसते.

आणि माईचं तेल. आंब्याचं लाकूड स्वस्त खरं, पण त्याला भुंगा लागतो, तीन वर्षांत पीठ होतं. मेस्त्र्यांच्या पलंगाला लागत नाही, कारण काजूच्या टरफलांचं तेल काढून माई ते खालून-आतून प्रत्येक फळीला चोळायची. ते तेल कातडी जाळतं. माईच्या बोटांची सालं गेली ती कधी नीट भरून आलीच नाहीत. सर्वेशने एकदा बाजारातलं औषध आणलं, तर भाईंच्या आधी तीच ओरडली होती, "ह्यां लावलंस तर दर वाढतलो. गरिबान निजाचां खंय मगे?" तिलाही ते पटलेलं होतं, हेच तर सर्वेशचं दुखणं. एकट्या बापाशी भांडता आलं असतं.

आता आंब्याचं सांगायचं तर, त्याला कारण सुपारी. भाई आगाऊ पैसे घेत नाहीत. गिऱ्हाईकाने देवाच्या फोटोसमोर लाकडावर सुपारी ठेवायची, भाईंनी दर सांगायचा, झालं. सुपारी पडली की दर हलत नाही, मग लाकडाचा भाव आभाळाला भिडो. बाबली गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो. त्याच्या मुलीचं, आकांक्षाचं, लग्न वैशाखात ठरलं तेव्हा, दिवाळीच्या आधी, त्याने येऊन पलंगासाठी सुपारी ठेवली. त्यासाठी एक फणस घेतला होता. तोडल्यावर कळलं की आतून पोकळ. नुसता ढोल.

सर्वेश म्हणाला, बाबलीला खरं ते सांगू, तो समजूतदार आहे, थोडा दर वाढवू, नाहीतर प्लायवुडाचा करू. भाई म्हणाले, "फणस पोकळ निघालो तो काय बाबलीच्या चेडवाचो गुन्हो?" आठ दिवस घरात दोघांचं बोलणं बंद. तेव्हा माईला दम लागायचा म्हणून ती मुलीकडे मिठबावला औषधपाण्याला गेली होती. एका सकाळी भाई मोठी करवत घेऊन विहिरीकडे निघाले, आणि सर्वेश त्यांच्या मागोमाग धावला.

"भाई, तो आवशीचो आंबो."

"ती माझ्या मागसून जातली रे," भाई म्हणाले होते. "मी तिच्यापेक्षा आठ वर्सांनी मोठो. तवसर धुमारो फुटान पुन्ना झाड व्हतलां. धर."

मोठ्या करवतीला दुसरं टोक धरणारा लागतो. सर्वेशने धरलं. त्याने धरलं नसतं तर भाईंनी वाडीतला कोणी बोलावला असता, असं तो त्यानंतर रोज स्वतःला सांगत आला होता. आज आईला बाहेर आणून ठेवल्यावर तेही सांगता येईना.

*

किशोरी मिठबावहून आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी थांबायच्या आत ती उतरली आणि "आये गो" करत आईच्या अंगावर पडली. तिला ओढून बाजूला करायला विनीताला दोन बायकांची मदत लागली. माहेरवाशिणीचं रडणं, ते कोण थांबवणार? ती रडली, आईचे गाल चोळले, "माका हाक मार गो" म्हणाली, आणि मग पाणी प्यायला पडवीत बसली तर दाजीने तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही. पण पाणी तरी पिऊ द्यायचं.

किशोरीच्या हातातला पेला तसाच राहिला. मिठबावला महिनाभर आई तिच्या परड्यात बाजेवर बसायची, वरच्या कलमांना मोहर आलेला बघायची आणि म्हणायची, "माझ्याक पण इलो असतलो. माझो तुझ्यापेक्षा दांडगो हां." रोज म्हणायची. आणि तेव्हा तिचा आंबा फळ्या होऊन माळ्यावर पडला होता. ती उठून बापापुढे उभी राहिली.

"भाई, आवशीक माझ्याकडे औषधासाठी धाडलंस, की झाड तोडूक गावाचां म्हणान धाडलंस?"

"किशोरी," विनीता पुढे झाली.

"तू गप रव गो वयनी. माका तेच्या तोंडातसून आयकूचां आसा."

भाईंनी वर बघितलं. "औषधासाठीच धाडलंय," ते म्हणाले. "पण ती हय असती तर माझो हात धजावलो नसतो. तां खरां."

दुसरा कोणी असता तर खोटं बोलला असता. भाईंना तेवढंही जमत नाही. किशोरी मटकन खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "एक झाड मागितल्यान रे तिनां," ती म्हणाली. "सोनां नाय, साडी नाय. जल्मभर हात जाळून घेतल्यान तुझ्या पलंगांपायी, आणि तुका एक झाड ठेवूक झालां नाय! तुझो दर ऱ्हवलो. माझी आवस गेली."

दाजी हळूच म्हणाला, "आता लाकूड खंय आसा तां?"

"पलंग झालो," सर्वेश म्हणाला. "सुतारशाळेत आसा."

किशोरीने डोळे पुसले. "भायर काढा."

"काय?"

"पलंग भायर काढा, मोडा, आणि न्हेवा सरणार. लाकूड तिचां आसा. फळ्ये तर फळ्ये. ती दुसऱ्याच्या लाकडान जावची नाय."

"बरोबर बोलता चेडू," दाजी म्हणाला. तो आणि भावकीतले दोघे सुतारशाळेकडे वळले.

पण सर्वेश आडवा झाला. दारावर हात ठेवून उभा राहिला. "पलंग बाबलीचो आसा," तो म्हणाला. "तेणां सुपारी ठेयल्यान हा."

किशोरी बघतच राहिली. "तू? तू कधीपासना भाईचो झालंस रे? सुपारीच्या नावान बोटां मोडी होतंस ना?"

"अजूनय मोडतंय." सर्वेशचा आवाज फुटला. "माका ह्यो सगळो धंदोच नको झालो आसा. पण आता तो पलंग मोडलो, तर आवशीचां झाड फुकटचां गेलां गो. बाबलीच्या चेडवाकय नाय आणि आवशीकय नाय. मी करवत धरलंय तिच्या झाडाक. माझ्यान परत धरवाची नाय."

"सर, सर्वेश," दाजी म्हणाला.

"नाय सरूचंय."

मयताच्या घरी काका-पुतण्या दारात एकमेकांसमोर उभे. असं या घरात कधी झालं नव्हतं. आबांच्या वाटण्या झाल्या तेव्हासुद्धा नाही. अंगणातल्या म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजायला लागल्या.

कुंपणाकडच्या माणसांतून बाबली पुढे आला. तोही सकाळपासून आला होता, बांबू आणायला तोच गेला होता. उघड्या अंगावर पंचा, आणि डोळे सुजलेले. माईने त्याच्या आकांक्षाला पाळण्यापासून बघितलं होतं. त्याने सर्वेशचा दारावरचा हात हळूच धरला.

"सोड रे झिला," तो म्हणाला. "घेवा पलंग. माईच्या झाडाचो आसा ह्यां माका ठावक असतां तर मी सुपारी उचलून घेतली असती. देवाशपथ. माझां चेडू चटयेर निजतलां, तेका काय होणा नाय. घेवा."

किशोरीने मान फिरवली. बाबलीच्या तोंडाकडे तिला बघवेना. पण नको असंही तिच्या तोंडून येईना. तिला आईसाठी तेवढं एकच करायचं राहिलं होतं.

भाई उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून उठले, अंगण ओलांडून गेले, आणि सर्वेश न सांगता बाजूला झाला. आत जाऊन त्यांनी लाकडी हातोडा घेतला. पलंग मधोमध उभा होता, पॉलिश व्हायचा बाकी. एकही लोखंडी खिळा नाही त्यात, सगळे सांधे बांबूच्या खुंट्यांचे. कुठची खुंटी आधी काढायची ते त्यांच्याशिवाय कोणाला कळलं नसतं. त्यांनी पायाजवळ बसून पहिल्या खुंटीवर हातोडा धरला.

*

विनीता सगळं ऐकत माईच्या उशाशी बसली होती. माईच्या हातात हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या, आणि ती काळवंडलेली, सालं गेलेली बोटं तिने आपल्या हातात धरून ठेवली होती. बांगडी अजून चढवली नव्हती. घरात सगळे आपापलं बोलून मोकळे झाले. तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती ठेवायला तिला सांगितलेलं होतं. सासूचा शब्द. पण हातोड्याचा पहिला ठोका ऐकू आला, आणि तिच्याने राहवलं नाही. ती बांगड्या तिथेच ठेवून धावत सुतारशाळेच्या दारात गेली.

"भाई, थांबा! तो पलंग जाळूक येवचो नाय."

हातोडा थांबला. "कित्याक?" किशोरी म्हणाली.

"तेका तेल लागलां आसा. आतसून, खालसून, सगळीकडे. जाळलो तर धुरान माणसां उभी ऱ्हवूची नाय थय."

ते खरंच होतं. तेल लागलेला तुकडा चुकून चुलीत गेला तर घरभर डोळे चुरचुरतात, तोंडं सुजतात. मेस्त्र्यांच्या घरातल्या पोरालाही ते ठाऊक, पण आजच्या रडारडीत कोणाला सुचलं नव्हतं. भाईंनी फळीच्या खालून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"ह्यां तुझां काम न्हय," ते म्हणाले. "तू एकच हात मारतंस. हय दोन आसत."

"माझां न्हय. माईचां."

कोणाच्याच ध्यानात येईना. माई तर मिठबावहून आल्यापासून आतल्या खोलीतच होती.

"शिमग्याच्या आधी," विनीता म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "फळ्ये मागल्या पडवेर आणून ठेयलेले. मी तेल लावूक बसललंय. माई भिंतीक धरून इली, बसली माझ्याकडे. नको म्हटलंय, वास सोसूचो नाय तुमका, तरी बसली. एक फळी मांडयेर घेतल्यान. तेका मधी काळोनिळो डाग होतो. माका म्हणाली, ह्यो माझ्या दोरयेच्या खिळ्याचो डाग. कपडे सुकत घालूक मीच मारललंय तो खिळो, सर्वेश रांगी होतो तेवा."

सर्वेशने तोंडावर हात धरला.

"मगे दारात जावन विहिरीकडे बघल्यान. काय रडली नाय. परत येवन बसली आणि माझ्या हातातलो बोळो घेतल्यान. दोन दुपारी बसान सगळो पलंग केल्यान तिनां. शेवटी म्हणाली, आता ह्यो चुलीतय जावचो नाय आणि सरणारय जावचो नाय. आकांक्षाक नीट जावंदे."

बाबली भिंतीला टेकून खाली बसला आणि पंचात तोंड घालून रडायला लागला. किशोरीही रडत होती, पण तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळत नव्हतं. तिने सर्वेशचा दंड धरला होता.

भाई मात्र विनीताकडे बघत होते. "माका कित्याक नाय सांगलंस?" ते म्हणाले.

"माईनां सांगा नको म्हणान सांगलेलां."

"काय म्हणाली?"

विनीता दाराच्या चौकटीला टेकली. तिने सर्वेशकडे बघितलं, मग दाजीकडे. कोणीतरी अडवेल असं तिला वाटलं. कोणी अडवलं नाही.

"सांग गो बाय. काय म्हणाली?"

"म्हणाली, तेंनी माका इचारूक नाय, मी तेंका सांगतलंय कित्याक." विनीताचा आवाज खाली गेला. "इचारल्यानी असतां तर मी हो म्हटलां असतां, असां म्हणाली."

भाईंनी हातोडा जमिनीवर ठेवला.

शिमग्याच्या आधीपासून. म्हणजे दीड-दोन महिने. ते आठवायला लागले. चहा झाला का, औषध घेतलं का, असं ते खोलीच्या दारातून विचारायचे. ती भिंतीकडे तोंड करून असायची. कधी विनीता मधे येऊन सांगायची, घेतलं म्हणून. त्यांना वाटायचं, दम लागतो, बोलवत नाही तिला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जास्त बोलू देऊ नका. तसं दोघांचं बोलणं होतं किती? इतक्या वर्षांच्या संसारात कामाचं तेवढंच बोलणं. पण कामाचंही एक वाक्य त्या दोन महिन्यांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती, आणि ते त्यांना आज कळत होतं. सर्वेशशी बोलायची. नातवंडांशी बोलायची. फोनवर किशोरीशी तर हसायचीसुद्धा.

ज्याच्या हाताला लाकडातला केसाएवढा चरा लागतो, त्याला हे कळलं नाही.

"भाई," दाजी जवळ येऊन बसला. सकाळचा राग त्याच्यात राहिला नव्हता. "उठ. सरणाचां बघूक व्हयां. उन्हां चढली."

"माझ्या परड्यातलो आंबो तोडतंय," बाबली म्हणाला. "एकच आसा, पण—"

"नको," भाई म्हणाले. "तुझ्या चेडवाचो मांडव त्या सावळेक घालूचो आसा ना? ऱ्हवांदे. आमच्यासाठी कोणाचां झाड तोडूचां नाय आता." ते सर्वेशकडे वळले. "वखारीत फोन लाव."

सर्वेशला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वखारीतलं लाकूड या घरात कधी आलं नव्हतं. सावंतवाडीच्या वखारवाल्याने वर्षानुवर्षं विनवण्या केल्या, सवलत देतो म्हणाला, भाईंनी त्याला अंगणातूनच परत पाठवला होता. सर्वेशने नंबर लावला. कोण गेलं ते सांगितलं, किती लाकूड हवं ते सांगितलं, टेंपो आत्ता सुटेल का विचारलं. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "दर काय लावतलास?"

"दर इचारू नको," भाई म्हणाले.

सर्वेशने फोन कानापासून बाजूला घेतला.

"तिचां लाकूड आसा तां. दर इचारू नको रे."

तेव्हा सर्वेश ढसाढसा रडला. सकाळपासून त्याने बांबू तासले होते, दोऱ्या वळल्या होत्या, शिव्या ऐकून घेतल्या होत्या. आता दारात उभ्या उभ्या तो लहान पोरासारखा रडला, आणि किशोरीने त्याला जवळ घेतलं. फोन विनीताने घेतला आणि पुढचं बोलणं तिने केलं.

*

टेंपो आला तो वाट विचारायला घरासमोरच थांबला. स्मशान पुढे ओहोळापलीकडे. दाजी ड्रायव्हरला हात करून सांगत होता, तेवढ्यात भाई फाटकातून बाहेर गेले. मागच्या फळीवरून त्यांनी आत हात घातला आणि वरच्या ओंडक्यावर ठेवला. साल बघितली, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. थोडा आंबा होता, थोडं रानटी काहीबाही. कुठल्याही फळीवरून झाड कुठच्या वाडीचं ते सांगणारा माणूस हा.

"खंयचां ह्यां?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"वखारीतलं आहे ओ काका. कुठून कुठून येतं, काय माहीत."

भाईंनी हात काढून घेतला. टेंपो पुढे गेला.

अंगणात सगळी तयारी झाली होती. विनीताने बांगड्या चढवल्या होत्या, ओटी भरली होती. किशोरीने आईच्या कपाळावर मळवट भरला. गुरव बाजूला उभा होता, चार खांदेकरी वाकले होते. आता नवऱ्याने यायचं, शेवटचं बघायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच उरलं होतं.

भाई आले. ताटीजवळ खाली बसले. सगळ्यांना वाटलं नमस्कार करतील. त्यांनी माईचा हात हातात घेतला आणि तिची बोटं उघडली, एकेक करून, आणि सगळी वाडी समोर उभी असताना, ज्या माणसाने चारचौघांत बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, तो म्हणाला, "मथुरा."

बायकांचं रडणं थांबलं.

"मथुरा, बोल गो. कायएक बोल. माका गाळी घाल. दोन महिने गप ऱ्हवलंस, माका कळलां नाय गो. मी तुका इचारूक व्हयां होतां. आता इचारतंय. तोडूं? सांग. हो म्हण, नायतर नको म्हण. एकदाच बोल."

ते थांबले. खरंच थांबले, उत्तर येईल अशी वाट बघत. कोणाला पुढे व्हायचा धीर झाला नाही. पोरं आयांना बिलगून उभी होती.

मग दाजी खाली वाकला, माईचा हात भावाच्या हातातून हळूच सोडवला आणि परत साडीखाली ठेवला.

"चल, भाई," तो म्हणाला. "ती आता बोलूची नाय."

खांदेकऱ्यांनी ताटी उचलली.